नाशिकमधली बालवाडी शिक्षिका राज्य बालहक्क आयोगाची सदस्य होऊ शकते का?

हो, होऊ शकते. २००५ च्या कायद्याप्रमाणे आयोगात एक अध्यक्ष आणि सहा सदस्य असतात, त्यांत किमान दोन महिला. शिक्षण, बालआरोग्य, बालमजुरी निर्मूलन, बालमानसशास्त्र, मुलांसंबंधीचे कायदे अशा क्षेत्रांतला अनुभव लागतो. निवडणूक नसते, नेमणूक राज्य सरकार करतं. मुदत तीन वर्षांची, जास्तीत जास्त दोनदा. सदस्याला साठीपर्यंतच राहता येतं, म्हणून अर्ज करायचा तर निवृत्तीची वाट बघू नका.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी कलम ११ एवढंच म्हणतं की सरकार व्यवस्था करू शकेल. करायलाच हवी, असं नाही. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे येणाऱ्या कुटुंबांची लहानगी नेमकी इथे सुटतात. गावातली अंगणवाडी मागे राहते, बागेजवळच्या अंगणवाडीत नाव नसतं. आयोगाला स्वतःहून दखल घेण्याचा, चौकशीत साक्षीदार बोलावण्याचा अधिकार आहे. तो या मुलांसाठी वापरायचा तर अंगणवाडीचं हजेरीपत्रक स्वतः भरलेलं माणूस तिथे बसायलाच हवं. तुम्ही जरूर अर्ज करा, ताई.