राक्षस-चेटकिणींच्या काळ्या कथांतून सामाजिक अन्याय खरंच दिसतो का?

दिसतो, आणि आम्हा नागपूरकरांना तर दरवर्षी रस्त्यावर दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे राक्षसिणीचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते: काळीकुट्ट, उंच, बापाच्या खांद्यावरची पोरं घाबरून डोळे झाकतात. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या, नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईचा निषेध, असं जुने लोक सांगतात. म्हणजे ही राक्षसीण थेट सत्तेलाच जाब विचारते.

कथा वाचताना मी एकच बघते: गावाने चेटकीण ठरवलेल्या बाईच्या बाजूने ती उभी राहते का? असं ठरवून बायकांना छळलं जायचं, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवला. चेटकिणीला जाळून गाव सुखी करणारी कथा मी अर्ध्यातच मिटते.