विमान डावीकडे का ओढलं गेलं?

प्रश्न : माझी मुलगी सेस्ना १७२ वर उड्डाण शिकते. परवा लँडिंगच्या सरावात विमान धावपट्टीवर आपटून उसळलं. पुन्हा वर जायला तिनं पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद दिली, तर ते डावीकडे गवताकडे ओढलं गेलं. शिक्षकांनी सावरलं. इंजिनात बिघाड होता का?

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून इंजिन ठणठणीत होतं, आणि डावी ओढ त्याच्याच ताकदीची. या विमानाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. वेग कमी नि ताकद पूर्ण असली की नाक डावीकडे वळतं. तेव्हा उजवा पाय रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पात्याच्या पेडलवर हवाच. मी कित्येक वर्षं शिकवलं. घाबरलेला विद्यार्थी पाय विसरतो आणि हातानं योक, म्हणजे समोरचं सुकाणू, उजवीकडे पिळतो. त्यानं नाक सरळ होत नाही.

दुसरा धोका याहून मोठा. ट्रिम, म्हणजे नाक ठरावीक कोनात आपोआप धरून ठेवणारी जुळणी, उतरण्यासाठी लावलेला असतो, त्यामुळे ताकद देताच नाक आपोआप वर जातं. ते दाबून धरलं नाही तर जमिनीपासून वीस-तीस फुटांवर स्टॉल होतो, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात, आणि तिथं सावरायला उंचीच नसते. उतरताना खाली केलेले फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, आधी २० अंशांवर आणायचे, उरलेले वेग वाढल्यावर टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचे.

तिला रागावू नका. पुढच्या तासाला शिक्षकांकडून हाच सराव आधी ३००० फुटांवर करून घ्यायला सांगा.