टू नाइट्स डिफेन्स: डी५ वरचं प्यादं घोड्याने लगेच का मारू नये?

बुद्धिबळातल्या टू नाइट्स डिफेन्स या सुरुवातीत काळ्याने डी५ वरचं प्यादं घोड्याने लगेच का मारू नये, असा प्रश्न आहे. चाली अशा: १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. प्यादं मारलं डी५. आता ५... (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) घोडा मारतो डी५ अगदी सहज सुचतं, पण तिथेच घात होतो. ६. घोडा मारतो एफ७! राजाने घोडा मारला की ७. वजीर एफ३ शह. डी५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वरच यावं लागतं. जी८ ला पळाला तर ८. उंट मारतो डी५ शह आणि थोड्याच चालीत मात. ई६ नंतर ८. घोडा सी३. डी५ वर आता उंट, वजीर, घोडा असा तिहेरी मारा, आणि मागे राजा असल्याने तो घोडा हलूच शकत नाही. ८... घोडा सी६ वरून बी४ खेळून झुंजता येतं, पण पटावर बसून ते निभावणं महाकठीण.

म्हणून ५... घोडा ए५ खेळा. ६. उंट बी५ शह, सी६ ७. प्यादं मारतं सी६, बी प्याद्याने परत मारा. ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६. एक प्यादं कमी, पण पांढऱ्याचा उंट आणि घोडा नुसते पळत राहतात, तेवढ्यात काळ्याच्या सोंगट्या बाहेर. (नवव्या चालीला घोडा एच३ ही विचित्र चाल माजी जगज्जेता बॉबी फिशरनेही खेळली आहे.) हल्ली ८. उंट डी३ जास्त दिसतं, त्यावर ८... घोडा डी५ खेळा, जी५ चा घोडा वजिराच्या माऱ्यात येतो. ए५ चा घोडा मात्र विसरू नका. सवड मिळताच बी७ वरून परत आणा.