बेळगावहून मुंबईला चाललोय. तिथलं ‘ब्रिटानिया’ रेस्टॉरंट इराण्याचं आहे म्हणतात, खरं काय?

इराण्याचंच की! इराणमधून आलेल्या रशीद कोहिनूर यांनी १९२३ मध्ये ते बॅलार्ड इस्टेटमध्ये काढलं. आसपास गोऱ्यांच्या कचेऱ्या, म्हणून आधी सगळं साहेबी, बिनतिखट जेवण. आपल्याला कसं चाललं असतं देव जाणे! आज रांग लागते तो बेरी पुलाव मात्र बराच नंतरचा. रशीद यांची सून तेहरानला राहून आली, तिनं तिकडची चव आणली. भातावर माणकासारख्या आंबट लाल बेऱ्या, खाली मटण. रशीद यांचा मुलगा बोमन नव्वदी उलटल्यावरही टेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचे. २०१९ मध्ये ते गेले. रातराणीनं सकाळी उतरलात तर लगेच पळू नका, तिथं दुपारचंच जेवण असतं. शेवटी कॅरमल कस्टर्ड मागवा, पण आपल्या बेळगावच्या कुंद्याशी तुलना नको.