रंग गेला, पण घाण गेली का?

प्रश्न : आमचं इचलकरंजीत छोटं डाईंग (कापड रंगवायचा कारखाना) आहे. एका विक्रेत्यानं प्लाझ्माचं यंत्र आणून आमच्यासमोर निळं पाणी दहा मिनिटांत नितळ करून दाखवलं. आमच्या ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतल्या) जिवाणूंना तर रंग पचतच नाही. घ्यावं का यंत्र?

उत्तर : असंच निळं पाणी मीही नितळ करून दाखवलंय. कॉलेजात शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. काचेच्या नळीच्या आत एक तार, बाहेर दुसरा इलेक्ट्रोड, मध्ये हवा आणि काही हजार व्होल्ट; विजेनं असा चेतवलेला वायू म्हणजेच प्लाझ्मा. अंधारात जांभळी झाक दिसायची, आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास. अशी नळी सीमेन्सनं 1857 मध्येच ओझोनसाठी केली होती. त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन पाण्याचा रेणू फोडतात आणि हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे समोर येईल त्या रेणूवर तुटून पडणारे तुकडे, तयार होतात. ते ओझोनपेक्षाही जहाल, पण त्यांचं आयुष्य क्षणाच्याही लाखाव्या हिश्शाचं. म्हणून पाणी पातळ थरात खेळवावं लागतं.

डिस्टिल्ड वॉटरमधला मिथिलीन ब्लू हा निळा रंग बघता बघता उडाला. पोरं खूश! मग एका डाईंगमधून कॅनभर खरं पाणी आणलं. ते तासभर ढिम्म हललं नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे : रिॲक्टिव्ह रंगाच्या बाथमध्ये तुम्ही मीठ आणि सोडा ॲश ओतता. त्यातलं कार्बोनेट हे मूलक मधल्यामधे गिळतं, रंगाच्या वाट्याला उरतात थोडेच.

शिवाय रंग उडणं म्हणजे रेणू संपणं नव्हे. ॲझो रंगात दोन नायट्रोजनमधला बंध तुटला की डोळ्याला पाणी स्वच्छ दिसतं, तुकडे मात्र आतच असतात. काही मूळ रंगापेक्षा वाईट. आमच्या त्या नितळ झालेल्या पाण्यात लिटमस बुडवला तर लाल झाला, कारण हवेतल्या नायट्रोजनचं आम्ल बनलं होतं.

तंत्र खोटं नाही. पण ईटीपी मोडून त्याच्या जागी हे बसवू नका. जिवाणूंच्या आधी रेणू थोडे फोडून द्यायला ते कामी येऊ शकतं, विजेचं बिल परवडलं तर. विक्रेत्याला तुमच्याच टाकीतलं पाणी द्या, मीटरचं रीडिंग स्वतः लिहून घ्या, आणि आधीचा-नंतरचा सीओडी (पाण्यात किती घाण उरली ते सांगणारा आकडा) बाहेरच्या लॅबमधून काढा. नमुन्यात मीठ भरपूर आहे हे लॅबला आधीच सांगा, नाहीतर सीओडीचा आकडा उगाच फुगून येईल.