युजर अकाउंटचं डॉक्युमेंटेशन सतत जुनं पडतं, अपडेट कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वीसेक लिनक्स सर्व्हर, युजर तयार करणं, ग्रुप देणं, माणूस सोडून गेला की अकाउंट बंद करणं याचं डॉक्युमेंट आहे, पण दर वेळी उघडलं की जुनं निघतं. सोमवारी नवा मुलगा रुजू होतोय. कुठलं टूल घ्यावं?

टूलचं नंतर बघू. आधी माझ्या ४६ पानांचं ऐका.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी बरीच वर्षं सिस्टीम सांभाळली. तिथं मी लिहिलेलं स्पायरल बाइंडिंगचं एक डॉक्युमेंट होतं. त्याचा मला फार अभिमान होता. दर मार्चला ऑडिटच्या आदल्या दिवशी मी ते उघडायचो, पहिल्या पानावरची तारीख बदलायचो, आवृत्ती २.३ ची २.४ करायचो आणि प्रिंट मारायचो. आतलं अक्षर हलायचं नाही. ऑडिटर तारीख बघायचा, मान डोलवायचा, चहा प्यायचा.

पान १७ वर एक ओळ होती: युजरला ग्रुपमध्ये घालायची. युजरमॉड (युजरचं अकाउंट बदलायची कमांड), मायनस कॅपिटल जी, ग्रुपचं नाव, युजरचं नाव. मायनस ए नव्हता. ए नसेल तर ही कमांड सांगितलेला ग्रुप देते आणि आधीचे बाकीचे सगळे जादा ग्रुप काढून टाकते. लिहिली तेव्हा त्यानं काही बिघडत नव्हतं. सर्व्हरवर सेंटओएस ६ हे लिनक्स होतं, ओळ नव्या युजरसाठी होती आणि नव्या युजरला दुसरे ग्रुपच नसायचे. सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं कमांड चालवायची मुभा, आम्ही एकेकाच्या नावानं सुडोअर्स या यादीच्या फाइलमध्ये द्यायचो, कारण ६ मध्ये व्हील या ॲडमिन ग्रुपला सुडो देणारी ओळ मुळातच कॉमेंट केलेली, म्हणजे बंद असते. म्हणजे ग्रुप उडाले तरी सुडो जागेवर.

२०१८ ला आम्ही ७ वर गेलो. तिथं व्हीलची ओळ आधीपासून चालू असते. मग नावं काढली, ॲडमिन लोकांना व्हीलमध्ये टाकलं, सुटसुटीत झालं. डॉक्युमेंटमध्ये मी काय केलं? सहा शोधून सात केलं, फाइंड-रिप्लेस. युजर आयडी आता ५०० ऐवजी १००० पासून सुरू होतात, ते डोळ्यांना दिसतं म्हणून तेवढं सुधारलं. पान १७ तसंच राहिलं. त्या ओळीत एक अक्षर बदललं नव्हतं, तरी ती आता कुणाही ॲडमिनचे राइट्स उडवू शकत होती.

जून २०१९ मध्ये कारखान्याशेजारच्या नागावचा एक मुलगा आमच्याकडं ॲडमिन म्हणून लागला. हुशार, पण बोलायला बिचकायचा. पहिल्याच आठवड्यात पान १७ वर बोट ठेवून म्हणाला, "सर, हितं ए लागत न्हाई व्हय?" मी मान वर न करता म्हणालो, "लिहिलंय तसं कर."

ऑगस्टमध्ये महापूर आला. कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं होतं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. मी शिवाजी पेठेत, साहेब पुण्यात अडकलेले. कारखान्यात पोचू शकणारा माणूस एकच, नागावचा पोरगा. भट्टी बंद होती, पण जनरेटरवर सर्व्हर चालू ठेवला होता, कारण पुण्याच्या गिऱ्हाइकाला आधीच पोचलेल्या मालाचे टेस्ट सर्टिफिकेट तातडीनं हवे होते. ते लॅबच्या फोल्डरमध्ये. लॅबच्या मॅडम गावात अडकलेल्या.

पोरानं डॉक्युमेंट उघडलं, पान १७. स्वतःलाच लॅब ग्रुपमध्ये घातलं. नवा ग्रुप लागू व्हायला पुन्हा लॉगिन करावं लागतं, म्हणून लॉगआउट झाला. हेही पान १७ वरच लिहिलं होतं, ठळक अक्षरात. तो लॉगआउट झाला नसता तर त्या चालू सेशनमध्ये सुडो चाललं असतं आणि त्याचं त्यालाच निस्तरता आलं असतं. परत आत आला, सर्टिफिकेट पाठवले आणि पुढच्या कामाला सुडो मारला, तर सर्व्हर म्हणतो तुझं नाव यादीत नाही, हा प्रकार कळवला जाईल.

मला फोन. "सर, कळवणार म्हणतंय. कुणाला कळवणार?"

"मलाच," मी म्हणालो.

रूटनं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या अकाउंटनं, थेट रिमोट लॉगिन बंद होतं, रूटचा पासवर्ड लिफाफ्यात, लिफाफा साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली पुण्यात. माझ्या पेठेत वीज नव्हती, फोनला १४ टक्के चार्ज. शेवटी मी माझा पासवर्ड त्याला फोनवर सांगितला. पान ३ वर मीच चौकटीत लिहिलेलं, पासवर्ड कुणालाही, अगदी आयटी विभागालाही सांगू नये. "कॅपिटल के. कोल्हापूरचा के. मग ॲट. नाही रे, आठ नव्हे, ॲट, गोल असतो तो." तीनदा चुकलं. चौथ्या वेळी आत गेला, स्वतःला व्हीलमध्ये परत टाकलं, या वेळी ए लावून. फोन ६ टक्क्यांवर.

आणखी एक चूक माझीच. ग्रुप बदलायच्या आधी सिस्टीम जुन्या ग्रुप फाइलची एक प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवते, नावाच्या शेवटी डॅश असलेली. ती आधी बाजूला काढून ठेवली असती तर त्याचे कुठकुठले ग्रुप उडाले ते दिसलं असतं. मी घाईत थेट दुरुस्तीची कमांड सांगितली, ती प्रत तिथंच पुसली गेली. त्याला बॅकअपचा ग्रुप होता हे आम्हाला पंधरा दिवसांनी, बॅकअप फेल गेल्यावर कळलं.

पाणी उतरल्यावर मीटिंग. साहेबांनी पोराकडून लेखी खुलासा घेतला. मी समोर बसून होतो. "ओळ माझी आहे आणि यानं जूनमध्येच विचारलं होतं," एवढी दोन वाक्यं बोलायची होती. बोललो नाही. पोरगा पुढच्या दिवाळीआधी हिंजवडीला गेला.

नंतर मात्र मी साहेबांशी भांडलो, आणि अजून भांडतो; ते आता निवृत्त आहेत, संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतात. त्यांचं म्हणणं, डॉक्युमेंट ही कंट्रोल्ड कॉपी, म्हणजे मंजुरीशिवाय न बदलायची प्रत, ज्युनिअरनं हात लावायचा नाही. फार तर पेन्सिलीनं खुणा कराव्यात, मी बघून घेईन. तशी एक प्रत ठेवलीही होती. ते निवृत्त झाले तेव्हा ती ड्रॉवरमध्ये खालून तिसरी निघाली. त्यात ११ खुणा. एकीचंही काही झालं नव्हतं. अकराच्या अकरा बरोबर होत्या, मी तपासल्या.

म्हणून माझं मत: डॉक्युमेंट जुनं पडतं ते वेळ नाही म्हणून नाही. ज्याला चूक दिसते त्याला बदलायची मुभा नसते, आणि ज्याला मुभा असते तो ते वाचत नाही. मी माझी ४६ पानं शेवटची नीट कधी वाचली, आठवत नाही. कमांड पाठ होत्या.

आता तुमचं. मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्समधल्याच कमांडच्या माहितीत, जे आहे ते कापून टाका. कुणाला कुठला ॲक्सेस याची यादी डॉक्युमेंटमध्ये ठेवूच नका, ती सर्व्हरवरूनच काढा. हातानं लिहिलेली यादी महिन्याभरात खोटी होते. नेहमीच्या कमांडची स्क्रिप्ट करा, म्हणजे बिघडली की लगेच बोंब होते. कागद बिघडला तर आवाज करत नाही. प्रत्येक पायरीशेजारी ती कुठल्या व्हर्जनवर चालवून बघितली ते लिहा आणि ओएस बदललं की ते सगळे शिक्के रद्द समजा. रेड हॅट लिनक्स ८ ला लॉगिनची पद्धत ठरवणारं ऑथकॉन्फिग जाऊन ऑथसिलेक्ट आलं, तुमच्यात अजून जुनं असेल तर आजच बघा.

अकाउंट बंद करायचं पान सगळ्यात आधी तपासा. बहुतेकांकडं पासवर्ड लॉक करा एवढंच असतं. एसएसएच की (पासवर्डऐवजी रिमोट लॉगिनला चालणारी किल्ली-फाइल) असेल तर माणूस तरीही आत येऊ शकतो. अकाउंटची मुदतच संपवा, युजरमॉडला मायनस ई १ देऊन, आणि की काढा. ९० दिवसांनी पासवर्ड बदला असं लिहिलं असेल तर तेही तपासा. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनं २०१७ पासूनच, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीनं बदलायला लावू नका, असं म्हटलंय.

हे सगळं छोट्या टीमचं. तुम्ही बँकेत किंवा औषध कंपनीत असाल तर मंजुरीशिवाय बदल चालत नाही, तिथं साहेबांचा मुद्दा थोडा बरोबर आहे. थोडाच. मंजुरी आठवड्यात मिळत नसेल तर ती पेन्सिलच.

टूल: विकी, गिट, वर्ड, काहीही. आम्ही गिटवर, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलवर गेलो, कुणी काय बदललं ते दिसतं म्हणून. वर्डवर असतो तरी चाललं असतं.

सोमवारी त्या मुलाला एक रिकामं मशीन आणि डॉक्युमेंटची प्रिंट द्या, एक अकाउंट काढायला आणि बंद करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. तो जिथं थांबेल तिथं त्यालाच दुरुस्ती लिहू दे. पेननं.