प्रजाती नव्हे, जाती (आणि इक्झोरातला ईश्वर)

प्रश्न असा आहे: 'रानटी कॉफीच्या ६० टक्के प्रजाती धोक्यात' अशी बातमी वाचली, इथे 'प्रजाती' बरोबर की 'जाती'?

जाती. हिंदीतली 'प्रजाति' ती आपली जाती, आणि हिंदीवरून बातमी उतरवताना शब्दही तसाच उतरतो. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी, अनेक जाती मिळून एक प्रजाती. कोणी तिला वंशही म्हणतात. कॉफिया ही अख्खी एकच प्रजाती. एकाचे साठ टक्के कसे काढणार? २०१९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या संशोधकांनी मांडलेला हिशेब १२४ जातींचा होता, त्यातल्या ७५ धोक्यात. बहुतेक आफ्रिकेतल्या नि मादागास्करमधल्या. सिएरा लिओनच्या रानात १९५४ नंतर थेट २०१८ मध्ये पुन्हा दिसलेली स्टेनोफायला कॉफी, तीही जातच. पण 'जात' म्हटलं की संपादकांना निवडणूक आठवत असावी.

असो. कॉफीच्या कुळातला खरा गमतीचा शब्द वेगळाच आहे: इक्झोरा. आपली पेंटगूळ. नर्सरीवाले 'एक्झोरा' म्हणतात, शिकलेले 'इक्सोरा', आणि दोघंही चुकतात. हा पोर्तुगीज एक्स आहे, त्याचा उच्चार श. गोव्यात शेल्डे गावाची पाटी रोमी लिपीत वाचून बघा, सुरुवातच एक्सने होते. तसं वाचलं की उरतो 'इशोरा', म्हणजे ईश्वर! लिनियसने १७५३ मध्ये नाव पक्कं केलं आणि आफ्रिकेच्या जंगलांतल्या तिच्या बहिणीही त्याच नावाखाली गेल्या. काँगोच्या खोऱ्यातलं झुडूप, आणि नावात शंकर.

पुस्तकं सांगतात, हा मलबारचा देव. मला पटत नाही. मल्याळी माणूस 'ईश्वरन्' म्हणेल, शेवटचा न् सोडणार नाही. इथे तो कुठे गेला? न् नसलेला ईश्वर आपल्या किनाऱ्यावरचा, कोकण-गोव्याचा. पोर्तुगीज कोचीनलाही होते, हे मला ठाऊक आहे. त्यांनीच न् गाळला असेल, असं एका जाणकारांनी मला सुनावलंही. गाळला असेल, तर गाळल्याचं दुसरं एखादं उदाहरण दाखवा. ते अजून दाखवलेलं नाही. माझा हा तर्कच आहे, पण त्यांचाही तर्कच.

मलबारचा हक्क मी सरसकट नाकारत नाही. याच कुळातल्या 'पॅव्हेटा' या प्रजातीचं नाव निःसंशय तिथलं, मलबारच्या वनस्पतींवरच्या 'होर्तुस मलबारिकुस' या जुन्या लॅटिन ग्रंथातून आलेलं. त्या झुडपाला आपण पापडी म्हणतो. आफ्रिकेत पॅव्हेटाच्या ढीगभर जाती आहेत. 'कँथियम' हे आणखी एका प्रजातीचं नावही मलबारीच, पण तिथे वेगळाच घोळ झाला. आफ्रिकेतली बरीच झाडं आधी कँथियममध्ये कोंबली होती. १९८० च्या दशकात क्यूमधल्या डायन ब्रिडसन यांनी ती फोडून कीटिया, सायड्रॅक्स अशा प्रजातींत वाटली. कीटिया हे नाव कीट नावाच्या माणसावरून पडलं, म्हणजे मलबारचा शब्द जाऊन तिथे एका साहेबाचं आडनाव बसलं. वर्गीकरण सुधारलं असेल, कान मात्र नाराज आहे.

आणि 'अरेबिका' कॉफी? इथिओपियाच्या झाडाला अरबस्तानचं नाव. त्याबद्दल कोणी विचारत नाही.